चाळिशी लावून केलेला व्यायाम

मराठीत चाळिशी म्हणजे वय पण आणि चष्मा पण. दोन्ही साधारण एकदमच येतात म्हणून एकाच शब्दात भागवलंय. पण या दोन्हींचा मिळून त्रास नेमका कुठे होतो ते मला गेल्या दीड वर्षात कळलं. तो होतो जमिनीवर, प्लँकमध्ये (कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर अंग ताठ धरून ठेवायचं ते), जेव्हा भिंतीला टेकवलेल्या मोबाईलवर किती सेकंद राहिले ते वाचायचं असतं आणि चष्मा लावला तर नाकावरून घसरतो, काढला तर ते ८ आहेत का ३ हे कळत नाही, आणि मान वर करून बघायला जावं तर कंबर खाली जाते.

तर मी ४७ वर्षांची, आणि दीड वर्षात घरी व्यायाम करायची आठ-नऊ ॲप्स वापरून झालीत. काही चार दिवस, काही चार महिने. आधी असं ठरवून वगैरे काही केलं नव्हतं, एक सोडलं की दुसरं धरलं असं होत गेलं, पण परवा एका मैत्रिणीने विचारलं की कुठलं घेऊ आणि मी तिला व्हॉइस नोट पाठवायला लागले ती अकरा मिनिटांची झाली. तिने ती ऐकलेली नाहीये. म्हणून इथे लिहिते.

पहिली गोष्ट ती सुरुवातीची प्रश्नावली. तुम्ही पण भरली असेलच कधीतरी, आधी वय, मग उंची वजन, मग तीन बायकांची चित्रं आणि तुम्हाला यातली कुठली व्हायचंय, मग एक गोल फिरणारं चक्र की "तुमच्यासाठी खास प्लॅन बनतोय". चाळिशीच्या पुढच्या बायकांसाठी खास, हॉर्मोन्सचा विचार करून, असं सगळं लिहिलेलं. मला त्यातल्या एका ॲपचा (नाव नको) फार संशय आला म्हणून मी दुसऱ्या ईमेलने परत खातं काढलं, वय टाकलं २८, बाकी उत्तरं तीच ठेवली. चक्र तेवढाच वेळ फिरलं आणि प्लॅन आला तो जशास तसा! पहिला दिवस जंपिंग जॅक्स, स्क्वॉट्स, माउंटन क्लाइंबर्स. फक्त वरची पट्टी जांभळी होती ती केशरी झाली. म्हणजे माझ्या आणि त्या २८ वर्षांच्या काल्पनिक बाईच्या हॉर्मोन्समध्ये फरक काय तर रंगाचा.

आणि त्याच ॲपने मला अजून एक धडा दिला. सात दिवसांची फ्री ट्रायल होती, मी चौथ्या दिवशी चिडून ॲप डिलीट केलं आणि विषय संपला असं समजून बसले, तर आठव्या दिवशी पूर्ण वर्षाचे पैसे कापले गेल्याचा मेसेज. ॲप डिलीट केलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद होत नाही हो, ते फोनच्या ॲप स्टोअरच्या सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन वेगळं कॅन्सल करावं लागतं. आता मी काय करते, ट्रायल सुरू केली की त्याच मिनिटाला कॅन्सल करून टाकते, बहुतेक वेळा ट्रायलचे दिवस संपेपर्यंत ते चालू राहतंच, तसं तिथे लिहिलेलं असतं ते वाचून घ्यायचं. चष्मा लावून.

चष्म्यावरनं आठवलं, माझी ॲप निवडायची पहिली परीक्षा आता तीच आहे. डोळे मिटून व्यायाम करता येतो का? ते कार्टूनसारखी बाहुली हलत असते आणि खाली टायमर, तसली जी फुकटची ॲप्स आहेत ती इथेच गळतात कारण बाहुली काय करतेय हे सतत बघावं लागतं, आणि बाहुली कधी थकत नाही, तिचा गुडघा कुठे जातोय कुठे नाही हे सांगायला तिला तोंडही नाही. कॅरोलाइन गर्व्हन म्हणून एक उत्तर आयर्लंडची ट्रेनर आहे, यूट्यूबवर तिची एपिक नावाची सिरीज फार गाजलेली, मला व्यायाम म्हणून ती मनापासून आवडते, डंबेल्सचा खरा कस लागतो. पण त्यात ती बोलत नाही. म्युझिक, बीप, आणि ती स्वतः मुकाट्याने करत असते. तेव्हा व्हिडिओ आधी एकदा बसून बघायचा आणि मग करायचा, नाहीतर अर्धा वेळ चष्मा शोधण्यात जातो. 

याच्या अगदी उलट डाऊन डॉग. हे योगाचं ॲप, यात वेळ, लेव्हल, वेग, आवाज, शेवटी शवासन किती मिनिटं, सगळं आपण ठरवायचं, आणि दर वेळी क्रम नवीन बनतो. सगळ्यात भारी म्हणजे बोलणं किती हवं ते पण ठरवता येतं, म्हणजे सुरुवातीला मी सगळ्या सूचना चालू ठेवल्या होत्या, हात इथे, टाच तिथे, श्वास घ्या, आणि नंतर सरावल्यावर फक्त आसनाचं नाव. मी ते पूर्णपणे कानाने करते, मोबाईल पालथा. रात्री झोप लागत नसेल तर (आणि ती लागत नाहीच या वयात, तीनला टक्क जाग) पंधरा मिनिटांचं एकदम हळू लावते. मात्र योगाने सगळं होतं हे मला आता पटत नाही, ते पुढे सांगते.

ॲपल फिटनेस प्लस मुलीच्या फोनवर बघितलं. २०२० च्या डिसेंबरमध्ये आलं तेव्हा घड्याळ पण त्यांचंच लागायचं, नंतर २०२२ पासून नुसत्या आयफोनवर चालायला लागलं. त्यातली एक गोष्ट सगळ्यांनी उचलावी अशी आहे, समोर एकटी ट्रेनर नसते, मागे अजून दोघं असतात आणि त्यातलं एकजण तोच व्यायाम सोपा करून दाखवत असतं. ऐकायला साधं वाटेल पण ज्या दिवशी गुडघा बोलत असतो त्या दिवशी स्क्रीनवर कोणीतरी उडी न मारता करतंय हे दिसलं की आपण पण न लाजता तसं करतो. घरात कोणी बघत नसताना लाजायचं काय म्हणा, पण लाज वाटते.

सात मिनिटांच्या वर्कआउटबद्दल मात्र मला जरा सविस्तर सांगायचंय कारण सगळ्यात जास्त बायका तिथून सुरुवात करतात, मी पण केली. ॲप्स ढीगभर आहेत पण मूळ एकच, २०१३ साली ब्रेट क्लिका आणि ख्रिस जॉर्डन या दोघांनी अमेरिकेतल्या एका स्पोर्ट्स मेडिसिनच्या जर्नलमध्ये लिहिलेला लेख. बारा व्यायाम, प्रत्येकी ३० सेकंद, मध्ये १० सेकंद थांबायचं. आता तुम्हीच हिशोब करा, बारा गुणिले तीस म्हणजे ३६० आणि मधल्या अकरा दहा-दहाच्या विश्रांत्या ११०, झाले ४७० सेकंद, म्हणजे सात मिनिटं पण नाही, पावणेआठच्याही पुढे! ते असो. गंमत अशी की त्या लेखातच लिहिलंय की हा राउंड दोन-तीन वेळा करता येतो, आणि हेही लिहिलंय की ज्यांना बऱ्याच दिवसांची सवय नाही, वजन जास्त आहे किंवा दुखापत आहे त्यांनी जपून, आणि ब्लड प्रेशर असेल तर भिंतीला टेकून बसणं आणि प्लँक हे जागच्या जागी धरून ठेवायचे प्रकार टाळावेत. मी वापरलेल्या दोन्ही ॲप्समध्ये यातलं एक अक्षर नव्हतं. सात मिनिटं तेवढी उचलली, इशारे ठेवले लेखातच. माझ्या मोठ्या जावेला बीपी आहे आणि ती रोज सकाळी भिंतीला टेकून बसत होती, टायमर संपेपर्यंत श्वास रोखून. तिला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली अगं पण ॲप शाबास म्हणतं.

आता उड्या. याच्यावर दोन टोकं आहेत. तरुण मुलींसाठीच्या ॲप्समध्ये दर दुसरा व्यायाम बर्पी (खाली जमिनीवर जायचं, उठायचं आणि उडी मारायची), आणि चाळिशीसाठी म्हणून जे विकतात त्यात एकही उडी नाही, सगळं खुर्चीला धरून. माझा गुडघा पहिल्या प्रकाराने दुखावला. तिसऱ्या आठवड्यात जंप स्क्वॉट करताना उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला कळ आली ती दीड महिना जिना उतरताना सोबत होती. चूक माझी पण होती, पंधरा वर्षं बसून काम केलेल्या पायांनी पहिल्याच महिन्यात शंभर उड्या. पण म्हणून उडी कायमची बाद हेही मला फिजिओने करू दिलं नाही, ती म्हणाली हाडांना आदळणं लागतं, थोडं थोडं, आधी पायात ताकद येऊ दे मग टाचा उचलून आपटण्यापासून सुरू कर. त्यामुळे ज्या ॲपमध्ये लो इम्पॅक्टचं, म्हणजे उड्या-आदळआपट नसलेल्या व्यायामांचं, वेगळं फिल्टर आहे ते बरं, आपण कधी कुठल्या बाजूला जायचं ते आपल्या हातात राहतं. फिटऑनमध्ये आहे तसं, आणि त्यातले बरेच व्हिडिओ फुकट आहेत, पैसे जेवणाच्या प्लॅनला आणि तसल्याच गोष्टींना. ट्रेनर मात्र सतत हसत असतात. इतकं हसण्यासारखं लंजेसमध्ये काही नाही.

उड्यांची दुसरी भानगड आपण आपापसात पण दबक्या आवाजात बोलतो ती, थेंबभर गळते. शिंकलं, खोकलं, उडी मारली की. बाळंतपणानंतर थोडं होतं, पाळी जायच्या सुमारास परत डोकं वर काढतं. एवढ्या सगळ्या ॲप्समध्ये कोणी हा प्रश्न विचारला असेल तर शपथ! तुम्हाला कुठली बॉडी हवी ते विचारतात, बाई तुला उडी मारताना अडचण येते का हे नाही. यासाठी स्क्वीझी नावाचं वेगळं ॲप आहे, ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या फिजिओ मंडळींनी बनवलेलं, ते दिवसातून ठरलेल्या वेळी आठवण करून देतं आणि आवळा-धरा-सोडा हे मोजून करून घेतं. दिसायला अगदीच कामचलाऊ आणि रोज दोन-चार मिनिटांचं काम. मला यातल्या बाकी कुठल्याही ॲपपेक्षा याचा उपयोग लवकर जाणवला. त्रास जास्त असेल तर मात्र ॲपवर भागवू नका, पेल्व्हिक फ्लोअरची (म्हणजे लघवी धरून ठेवणारे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, तेच आवळायचे असतात) फिजिओ वेगळी असते, तिला एकदा दाखवा, कारण बऱ्याच जणी आवळायच्या ऐवजी खाली ढकलत असतात आणि ते ॲपला दिसत नाही.

बरं आता ज्याच्यासाठी एवढं लिहिते ते. वजन.

योगा झाला, चालणं झालं, व्हिडिओ बघून नाचणं झालं, तरी माझ्या हातात डबा उघडायची ताकद येईना. मग जरा वाचायला लागले. एक तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जे सांगितलंय त्यात आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम हे सगळ्यांना पाठ असतं, पण त्याच्या खालीच आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम असं पण आहे, ते आपण वाचतच नाही. आणि दुसरं म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ युनिव्हर्सिटीचा लिफ्टमोअर नावाचा प्रयोग, २०१८ साली छापून आलेला. पाळी गेलेल्या, हाडांची घनता कमी झालेल्या १०१ बायका. निम्म्यांना आठवड्यातून दोनदा, अर्धाच तास, पण चांगलं जड वजन, डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन उचलून उभं राहणं), स्क्वॉट, डोक्यावर वजन ढकलणं, आणि उडी मारून खाली येणं, सगळं देखरेखीखाली. बाकी निम्म्यांना घरच्या घरी हलका व्यायाम. आठ महिन्यांनी जड उचलणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्क्यांनी वाढली आणि घरी हलकं करणाऱ्यांची १.२ टक्क्यांनी घटली. 

मी ते दोनदा वाचलं. घरच्या घरी हलका व्यायाम म्हणजे मी! म्हणजे सगळी ॲप्स!

आता कोणी लगेच उठून जड डेडलिफ्ट करू नका, त्या बायकांच्या डोक्यावर तज्ज्ञ उभे होते, आणि हाडं आधीच ठिसूळ असतील तर कंबरेतून वाकायच्या व्यायामांबद्दल, ते क्रंचेस वगैरे, डॉक्टरांना विचारूनच. पण त्यातून मला ॲपकडे बघायची नजर मिळाली. हलकं-जड हे एका दिवसात नसतं, मागच्या वेळी चार किलोने दहा वेळा केलं तर आज अकरा, मग बारा, मग पाच किलो, असं ते चढत जायला लागतं, आणि त्यासाठी मागच्या वेळी काय केलं हे कोणीतरी लक्षात ठेवायला हवं. हे एवढं साधं काम बहुतेक व्हिडिओवाली ॲप्स करतच नाहीत. नाईक ट्रेनिंग क्लब बघा, व्हिडिओ उत्तम, ट्रेनर समजावून सांगतात, वेळ आणि सामान निवडता येतं, २०२० पासून सगळं फुकट आहे, मी चार महिने केलं आणि कोणालाही डोळे मिटून सुचवेन. पण मी वापरत होते तेव्हा किती किलो उचललं हे त्याने मला एकदाही विचारलं नाही. मी चार महिने दोन किलोचेच डंबेल्स हलवत होते आणि दर वेळी शेवटी अभिनंदन. घाम यायचा, दम लागायचा, म्हणून वाटायचं होतंय काहीतरी. स्वेट नावाचं ऑस्ट्रेलियन ॲप आहे, त्यात आठवड्यांचे नीट प्रोग्राम आहेत, लो इम्पॅक्ट पण आहेत, पण एके काळी त्यांच्या मुख्य प्रोग्रामचं नावच बिकिनी बॉडी गाईड होतं. ते नाव त्यांनी पुढे काढून टाकलं. तरी ते वातावरण मला जरा तरुणच वाटलं, ज्यांना आवडेल त्यांना आवडेल.

शेवटी मला जे सापडलं ते घरच्या व्यायामाचं ॲपच नाही. हेवी. (स्ट्राँग म्हणून पण आहे, साधारण तसंच.) जिमवाली पोरं वापरतात ते. त्यात कोणी हसत नाही, म्युझिक नाही, कोणी तुम्हाला क्वीन म्हणत नाही. एक तक्ता असतो, व्यायामाचं नाव, सेट (किती फेऱ्या), किलो, रेप्स (एका फेरीत किती वेळा), आणि शेजारच्या रकान्यात फिकट अक्षरात मागच्या वेळी तुम्ही काय केलं होतं ते. बस. तो फिकट आकडा बघितला की आपोआप वाटतं एक जास्त करावा. पाच व्यायाम मी फिजिओकडून एकदा नीट शिकून घेतले आणि तेच त्यात टाकले: स्क्वॉट, डेडलिफ्ट, वाकून डंबेल ओढणं, डोक्यावर ढकलणं, आणि डंबेल हातात धरून घरातल्या घरात फेऱ्या. शेवटच्याला घरातले हसतात. आठवड्यातून दोनदा, पस्तीस मिनिटं. तीन महिन्यांत दोन किलोवरून हातात सात-सात किलो आले आणि डबा आता मी उघडते, एवढंच नाही तर नवरा पण माझ्याकडे आणून देतो.

नाडीच्या आकड्यांचं थोडक्यात सांगते. बरीच ॲप्स आणि घड्याळं २२० वजा वय हे गणित धरतात, म्हणजे माझ्यासाठी १७३. शिकागोच्या हजारो बायकांवरून २०१० मध्ये डॉ. मार्था गुलाटी आणि मंडळींनी बायकांसाठी वेगळं सूत्र दिलं, २०६ वजा वयाच्या ०.८८ पट, त्याने माझे १६५ होतात. आठ ठोक्यांचा फरक. म्हणजे घड्याळ म्हणतं अजून पळ आणि मी आधीच जीव तोडून पळत असते. मी घड्याळ बघणं सोडलं, बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही एवढा दम लागला की पुरे. कॅलरीजच्या आकड्यांकडे तर अजिबात बघत नाही.

आणि स्ट्रीक. सलग किती दिवस केलं त्याची ती ज्योत का आग का काय ते. ४१ दिवस झाले होते माझे आणि त्याच महिन्यात पाळी जी आली ती अकरा दिवस, पाळी जायच्या आधीच्या वर्षांत ती अशीच येते, कधी दोन महिने पत्ता नाही आणि आली की पूर. तिसऱ्या दिवशी पण मी त्या ४१ साठी उठून चटई घातली आणि चक्कर येऊन तिथेच बसले. त्या दिवशी नोटिफिकेशन्स बंद केल्या. पाळीच्या तारखा पण मी आता कुठल्याच व्यायामाच्या ॲपला देत नाही, फ्लो या पाळीच्या ॲपवर अमेरिकेतल्या फेडरल ट्रेड कमिशनने आरोप केला होता की बायकांची माहिती खाजगी ठेवतो सांगून बाहेरच्या कंपन्यांना दिली, आणि २०२१ मध्ये त्यांना तडजोड करावी लागली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करते, त्याला इंटरनेट नाही.

तर सध्या माझ्या फोनवर तीनच उरलीत. हेवी सोमवार-गुरुवार, डाऊन डॉग मध्ये कधीतरी आणि रात्री तीनला जाग आली की, स्क्वीझी रोज. नाईकचं पण आहे खरं तर, मुलगी घरी आली की आम्ही दोघी मिळून त्यातलं वीस मिनिटांचं काहीतरी लावतो, ती पुढे असते आणि मी तिच्याकडे बघून करते, ती माणसाएवढी मोठी असल्यामुळे मला चष्म्याशिवाय दिसते. 

कालची नोंद: डेडलिफ्ट, दोन्ही हातात मिळून १६ किलो, आठचे तीन सेट. शेजारच्या फिकट रकान्यात १४ होते. शेवटच्या रेपला चष्मा नाकावरून सुटून चटईवर पडला, म्हणून तो सेट सातचाच लिहिला होता, मग तो उचलून ठेवून अजून एक केला आणि आठ केले.